चिली, १९७०: अमेरिकेला नेमकी भीती कशाची होती?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गेले दोन महिने रात्रीची जेवणं उरकली की मी एकच अहवाल वाचत बसलोय. अमेरिकेच्या सिनेटने १९७५ मध्ये आपल्याच गुप्तचर खात्यांची झाडाझडती घेतली होती. फ्रँक चर्च अध्यक्ष होते म्हणून तिला चर्च समिती म्हणतात. त्या समितीने चिलीबद्दल जे बाहेर काढलं ते वाचल्यापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

आधी थोडक्यात हकीकत. ४ सप्टेंबर १९७० ला चिलीत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. तिघे उभे होते. समाजवादी साल्वादोर आयेंदे (आपल्याकडे अलेंदे असंही लिहितात) साडेछत्तीस टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन पहिले आले. उजव्या गटाचे होर्हे आलेसांद्री त्यांच्या मागे, अंतर चाळीस हजार मतांच्याही आत. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नाहीत, अशा वेळी पहिल्या दोघांतून एकाला तिथल्या संसदेने निवडायचं, अशी घटनेतली तरतूद होती. आणि संसद नेहमी पहिल्या क्रमांकालाच निवडायची, हा पक्का प्रघात होता. संसदेच्या मतदानाची तारीख २४ ऑक्टोबर. म्हणजे मधे सात आठवडे.

या सात आठवड्यांत काय झालं?

१५ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सीआयएचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांना बोलावून घेतलं. किसिंजर आणि अ‍ॅटर्नी जनरल जॉन मिचेल तिथे होते (किसिंजर तेव्हा निक्सन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार). हेल्म्स यांनी बैठकीत हाताने लिहिलेलं टिपण आज उपलब्ध आहे. एकच कागद, तुटक तुटक ओळी. दहात एखादी संधी असेल, पण चिली वाचवा. धोक्याची पर्वा नाही. वकिलातीला गोवायचं नाही. एक कोटी डॉलर उपलब्ध, लागले तर आणखी. पूर्णवेळचं काम, आपली सर्वांत चांगली माणसं लावा. आणि ती प्रसिद्ध ओळ: अर्थव्यवस्थेला किंकाळी फोडायला लावा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आजवर चार वेळा मतदान केंद्राध्यक्ष म्हणून गेलोय. आदल्या दिवशी एसटीने साहित्य घेऊन जायचं, रात्री शाळेच्या वर्गातच सतरंजी टाकून झोपायचं, पहाटे उठून प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यायचं, संध्याकाळी एकूण मतं नमुना १७ क मध्ये भरायची, बेरीज जुळली की सह्या घ्यायच्या आणि सील करायचं. एका मताचा फरक आला तरी पोटात गोळा येतो. कुठल्याशा खोलीत चार माणसं बसून दुसऱ्या देशातल्या लाखो लोकांनी मोजून दिलेला निकाल फिरवायचं ठरवतात, हे वाचताना मला फार लागलं. म्हणून हा विषय माझ्यासाठी केवळ इतिहासाचा नाही.

आता प्रश्न. का? चिली अमेरिकेपासून हजारो किलोमीटर दूर, लोकसंख्या तेव्हा एक कोटीच्या आसपास. नेहमी तीन कारणं दिली जातात. तांब्याच्या खाणी आणि तिथल्या अमेरिकन कंपन्यांचा पैसा. सोव्हिएत संघाची आणि क्यूबाची धास्ती. आणि तिसरं, ज्याकडे माझा कल आहे, ते म्हणजे या उदाहरणाचीच भीती. शस्त्र न उचलता, मतपेटीतून, घटनेच्या चौकटीत मार्क्सवादी सत्तेवर येऊ शकतो आणि नीट राज्य करू शकतो, हे जगाला दिसू द्यायचं नव्हतं.

तुम्हाला काय वाटतं? ज्यांनी यावर वाचलंय त्यांनी जरूर लिहा.

---

माजी_बँकर

चांगला विषय. पण मास्तर, तुम्ही पहिलं कारण फार पटकन बाजूला सारलंत.

आयटीटी या अमेरिकन कंपनीकडे चिलीच्या टेलिफोन कंपनीचे ७० टक्के भाग होते. आयेंदे आले तर राष्ट्रीयीकरण होणार हे उघड होतं. कंपनीचे अध्यक्ष हॅरल्ड जेनीन यांनी जुलै १९७० मध्ये सीआयएच्या अधिकाऱ्याला भेटून आलेसांद्रींच्या प्रचारासाठी मोठी रक्कम देऊ केली. सीआयएने पैसे हातात घ्यायला नकार दिला, पण ते सुरक्षितपणे पोचवायचे कसे याचा सल्ला दिला. त्या वाटेने सुमारे साडेतीन लाख डॉलर गेले. इतर कंपन्यांनी मिळून जवळपास तेवढेच दिले. सप्टेंबरमध्ये दहा लाखांचा देकार आला, आणि तो घेऊन गेले जॉन मॅकोन. हे मॅकोन १९६५ पर्यंत सीआयएचे प्रमुख होते आणि आता आयटीटीच्या संचालक मंडळावर होते! खुर्ची बदलली, ओळखी त्याच.

१५ सप्टेंबरच्या ज्या बैठकीचं तुम्ही लिहिलंत, त्याच दिवशी सकाळी चिलीतल्या 'एल मेर्कूरिओ' या सर्वांत मोठ्या वृत्तपत्राचे मालक आगुस्तिन एदवर्ड्‌स वॉशिंग्टनमध्ये किसिंजर आणि मिचेल यांना भेटले होते. पुढे १९७१-७२ मध्ये सीआयएने या वृत्तपत्राला सोळा लाखांहून जास्त डॉलर मंजूर केले.

तीस वर्षं कर्जाच्या फायली पाहिल्या आहेत. पैसा कुठून निघाला आणि कुठे पोचला हे बघितलं की हेतू कळतो. मला तरी इथे तांबं, टेलिफोन आणि छापखाना दिसतो.

---

निशिगंध

बँकरकाकांशी सहमत. शेवटी सगळं पैशापाशीच येतं.

---

वऱ्हाडी_वाचक

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. राग मानू नका.

१९७० हे साल डोळ्यासमोर आणा. क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडून जेमतेम आठ वर्षं झालेली. आयेंदे कास्त्रोंचे मित्र. क्यूबाने त्यांच्या प्रचाराला सुमारे साडेतीन लाख डॉलर दिले असा सीआयएचा अंदाज होता, आणि हा आकडा चर्च समितीच्याच अहवालात आहे. म्हणजे ढवळाढवळ एकाच बाजूने चालली होती असं नाही. वॉशिंग्टनमध्ये बसलेल्या माणसाला 'आणखी एक क्यूबा' दिसत असेल तर तो मूर्ख होता असं म्हणता येत नाही.

दुसरं, त्याच समितीला आयेंदेंचं सरकार पाडणाऱ्या १९७३ च्या लष्करी उठावात अमेरिकेचा थेट सहभाग असल्याचा पुरावा मिळाला नाही. उठाव चिलीच्या सैन्याने केला. तिथे महागाई भडकली होती, ट्रकवाल्यांचे संप होते, दुकानात माल नव्हता. चिलीच्या लोकांची आपापसातली भांडणं खरी होती. सगळं वॉशिंग्टनच्या माथी मारणं हा चिलीच्या लोकांवरही अन्याय आहे.

---

गोदाकाठ (धागाकर्ता)

वऱ्हाडी_वाचक, राग कसला? हेच हवं होतं. थेट सहभागाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, अहवालात तसंच आहे. आणि भांडणं खरी होती हेही मान्य.

पण सुरक्षेच्या कारणाबद्दल एक कागद वाचा. निवडणुकीनंतर तीनच दिवसांनी, ७ सप्टेंबर १९७० ला, अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेने स्वतः एक मूल्यमापन तयार केलं. त्याचा सारांश असा: चिलीत अमेरिकेचे जीवनमरणाचे हितसंबंध नाहीत. आयेंदे आल्याने जगातला लष्करी समतोल फारसा बदलणार नाही. त्या भागातल्या शांततेलाही धोका संभवत नाही. मात्र राजकीय आणि मानसिक किंमत मोठी असेल, आणि मार्क्सवादी विचाराची ती सरशी ठरेल.

म्हणजे 'आणखी एक क्यूबा' हे भाषणात बोलायला ठीक होतं, पण त्यांच्या स्वतःच्या तज्ज्ञांनी ते कागदावर खोडून काढलं होतं. आठ दिवसांनी निक्सन यांनी आदेश दिला तो हे मूल्यमापन हाताशी असताना.

मग उरलं काय? उरलं ते 'मानसिक'. ५ नोव्हेंबरला, आयेंदेंचा शपथविधी होऊन दोन दिवस झाले होते तेव्हा, किसिंजर यांनी निक्सन यांना टिपण पाठवलं. निवडून आलेलं मार्क्सवादी सरकार यशस्वी झालं तर त्या उदाहरणाचा जगाच्या इतर भागांवर, विशेषतः इटलीवर परिणाम होईल, पायंडा पडेल, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. लक्षात घ्या, काळजी इटलीची आहे! सांतियागोत बसलेल्या माणसाला शिक्षा कशासाठी, तर रोममधल्या मतदाराने धडा घ्यावा म्हणून.

आपल्याकडे म्हणतात ना, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. चिली ही म्हातारी. तिचं काय होतं याचं किसिंजर यांना फारसं सोयरसुतक नव्हतं. काळ सोकावू नये ही चिंता होती.

---

दर्यावर्दी

इटलीचा उल्लेख आलाच आहे तर लिहितो. ही सगळी पद्धत तिथेच आकाराला आली.

१८ एप्रिल १९४८ ची इटलीची निवडणूक. सीआयए स्थापन होऊन वर्षही झालं नव्हतं. त्याच फेब्रुवारीत चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता बळकावली होती, त्यामुळे भीती खरी होती. अमेरिकेने ख्रिश्चन डेमोक्रॅट्सना गुपचूप पैसे दिले. समोरच्या कम्युनिस्टांना मॉस्कोकडून येत होते. शिवाय उघड दबाव वेगळा: कम्युनिस्ट जिंकले तर मार्शल योजनेची मदत विसरा, असं परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी मार्चमध्ये जाहीर सांगितलं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या इटालियन लोकांना गावाकडे पत्रं लिहायला लावलं, की बाबांनो कम्युनिस्टांना मत देऊ नका. अशी पत्रं लाखोंनी गेली. निकाल: ख्रिश्चन डेमोक्रॅट्स ४८.५ टक्के, डावी आघाडी ३१.

यातून वॉशिंग्टनने काय शिकलं, ते महत्त्वाचं. हे जमतं, स्वस्तात जमतं, आणि बोभाटा होत नाही. एकदा हत्यार हाताला बसलं की ते वापरायची कारणं सापडत जातात. मला वाटतं हेतूंच्या यादीत हाही धरायला हवा: आधी यश आलं होतं म्हणून.

डोव्ह लेव्हिन या अभ्यासकाने १९४६ ते २००० मधल्या अशा परकीय हस्तक्षेपांची मोजदाद केली आहे. एकूण ११७, त्यातले ८१ अमेरिकेचे, ३६ सोव्हिएत संघाचे वा रशियाचे. चिलीत १९७० ला काही नवं घडलं नाही.

---

वैदेही_के

दर्यावर्दी म्हणतात तसं चिलीतही आधी 'यश' आलं होतं. १९६४ ची निवडणूक. तिथे आयेंदेंच्या विरोधात एदुआर्दो फ्रेई होते, आणि फ्रेईंच्या प्रचारखर्चाचा निम्म्याहून जास्त भाग सीआयएने उचलला. स्वतः फ्रेईंना याची कल्पना दिली नव्हती.

मी आकाशवाणीत काम केलंय, त्यामुळे अहवालातला तो भाग दोनदा वाचला. १९६४ च्या जूनमध्ये सीआयएच्या पैशावर चालणारा एक प्रचारगट सांतियागोत आणि प्रांतांतल्या ४४ केंद्रांवर दिवसाला वीस जाहिराती वाजवत होता. शिवाय बारा मिनिटांच्या बातम्या दिवसातून पाच वेळा, सांतियागोतल्या तीन आणि बाहेरच्या चोवीस केंद्रांवर. महिनाअखेरीला रोज तीन हजार पोस्टर वाटली जात होती. विषय काय, तर रशियन रणगाडे आणि क्यूबातले गोळीबार करणारे शिपाई. रोख मुख्यतः बायकांवर. तुमची मुलं घेऊन जातील ही भीती.

चिलीत बायका आणि पुरुष वेगवेगळ्या टेबलांवर मत देत, मोजणीही वेगळी होई. त्यामुळे भीती कुठे लागू पडली हे आकड्यांत लगेच दिसायचं. फ्रेई ५६ टक्के घेऊन जिंकले आणि बायकांची मतं त्यांना भरभरून पडली.

रेडिओवर बोलणारा माणूस ऐकणाऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरलेला असतो. कणीक मळताना कानावर पडणारा आवाज आपला वाटतो. तो आवाज कोणाच्या पैशाने बोलतोय हे त्या बायकांना कोणीच सांगितलं नव्हतं. मला सगळ्यात चीड याची येते.

---

निशिगंध

वैदेहीताई, हे अजिबात माहीत नव्हतं. मग १९७० ला तेवढाच पैसा का नाही ओतला?

---

वैदेही_के

निशिगंध, कारण या वेळी पाठीशी घालण्यासारखा उमेदवारच त्यांना ठरवता आला नाही. फ्रेईंना लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नव्हतं. मग कोणाचाच प्रचार न करता फक्त आयेंदेंची बदनामी करायची असं ठरलं. खर्च आठ ते दहा लाख डॉलर, १९६४ च्या मानाने कमी. निकाल लागल्यावर धावाधाव सुरू झाली.

---

तांबट

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. पण तांब्याचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

एका यंत्रसामग्रीच्या कंपनीकडून मी दोन वर्षं चिलीच्या उत्तरेला, कालामा या गावी होतो. पंधरा-सोळा किलोमीटरवर चुकिकामाता. ती खाण शब्दांत सांगणं अवघड आहे. साडेचार किलोमीटर लांब, तीन किलोमीटर रुंद, नऊशे मीटरच्या आसपास खोल असा एकच खड्डा. काठावरून खाली बघितलं की घरांएवढाले डंपर काडेपेटीसारखे दिसतात आणि त्यांचा आवाज वरपर्यंत पोचतच नाही. शेजारचं जुनं गाव आता रिकामं आहे, लोकांना कालामात हलवलं. मोठ्या हॉस्पिटलवर खाणीतली माती टाकून ते गाडून टाकलंय. अमेरिकन साहेबांची वस्ती आणि कामगारांच्या चाळी वेगवेगळ्या होत्या, ते आजही घरांच्या आकारावरून कळतं.

तिथे तांब्याला 'चिलीचा पगार' म्हणतात. एक निवृत्त कामगार माझ्याबरोबर जेवायला बसायचे. ११ जुलै आली की ते टाय बांधून यायचे. १९७१ मध्ये त्या तारखेला संसदेने खाणींचं राष्ट्रीयीकरण केलं. एकमताने! आयेंदेंच्या कट्टर विरोधकांनीही हात वर केला होता. तिथे त्याला राष्ट्रीय प्रतिष्ठेचा दिवस म्हणतात.

आता मुद्दा. खाणी हाच हेतू असता तर १९७३ च्या उठावानंतर सेनापती पिनोशे सत्तेवर आल्यावर त्या परत दिल्या जायला हव्या होत्या. कंपन्यांना भरपाई मिळाली, पण मोठ्या जुन्या खाणी सरकारकडेच राहिल्या. १९७६ मध्ये पिनोशेंनीच कोदेल्को ही सरकारी कंपनी काढली. चुकिकामाता आजही तिचीच आहे. तांब्याच्या विक्रीतला दहा टक्के वाटा कायद्याने लष्कराला मिळत होता, मग सेनापती खाण कशाला सोडतील? अमेरिकेने त्याबद्दल पिनोशेंशी वैर धरलं नाही. तेच राष्ट्रीयीकरण, पण करणारा बदलला की चालून गेलं.

म्हणून मला धागाकर्त्यांचं पटतं.

---

माजी_बँकर

तांबट, हा मुद्दा खरंच बिनतोड आहे. मी माझं म्हणणं थोडं मागे घेतो. कंपन्यांनी दार ठोठावलं, ते उघडलंही गेलं, पण आतल्या माणसाचं स्वतःचं कारण वेगळं होतं असं म्हणू या. आणि आयटीटीचे दहा लाख सरकारने घेतले नाहीत हेही नोंदवायला हवं. केवळ पैशाची गोष्ट असती तर ते नाकारायचं कारण नव्हतं.

---

केरळकन्या_पुण्यात

माझं माहेर त्रिशूरचं, सासर पुण्याचं. हा धागा वाचताना सतत आमचं १९५७ आठवत होतं.

त्या वर्षी केरळात ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचं कम्युनिस्ट सरकार मतपेटीतून आलं आणि ३१ जुलै १९५९ ला केंद्राने ते बरखास्त केलं. पुढे भारतातले अमेरिकेचे राजदूत राहिलेल्या डॅनियल मॉयनिहन यांनी १९७८ मध्ये लिहिलं की कम्युनिस्ट निवडून येण्याची वेळ आली तेव्हा अमेरिकेने दोनदा भारतीय राजकारणात पैसा घातला, एकदा केरळात आणि एकदा पश्चिम बंगालमध्ये. पैसे काँग्रेसला दिले गेले. काँग्रेसने हा आरोप नाकारला होता.

केरळात कुठे तांबं होतं? कुठे क्षेपणास्त्रं बसणार होती? मसाले, रबर, चहा आणि नारळ. भीती तीच, की उदाहरण नको. माझे आजोबा कट्टर काँग्रेसवाले, सरकार पाडायच्या आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेले. त्यांची खदखद मनापासूनची होती, शाळांच्या कायद्यावरून होती. अशा माणसाच्या प्रामाणिक रागात कोणीतरी लांबून तेल ओतत असेल, तर त्याच्या रागाचाच अपमान होतो ना? वऱ्हाडी_वाचक म्हणतात तशी चिलीचीही भांडणं खरी होती. पण खऱ्या भांडणात बाहेरचा पैसा आला की पुढे कोणालाच सांगता येत नाही, हे आपलं किती आणि त्यांचं किती.

---

वऱ्हाडी_वाचक

तुमचा हा शेवटचा मुद्दा माझ्या मनाला लागला. मान्य.

---

सुहासिनी_टेक्सस

मी ह्यूस्टनला राहते. या यादीत अमेरिकेची २०१६ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक घालते, कारण तिथला हेतू वेगळ्या जातीचा आहे.

२१ मे २०१६ ला इथे शहरात एका इस्लामी केंद्रासमोर रस्त्याच्या दोन बाजूंना दोन जमाव उभे राहिले. एका बाजूला 'टेक्ससचं इस्लामीकरण थांबवा', दुसऱ्या बाजूला 'इस्लामी ज्ञान वाचवा'. एकमेकांवर ओरडणारी माणसं खरी होती, इथलीच होती. पण दोन्हींना बोलावणं गेलं होतं फेसबुकच्या दोन पानांवरून, 'हार्ट ऑफ टेक्सस' आणि 'युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका', आणि दोन्ही पानं चालत होती रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमधल्या एकाच कचेरीतून. पुढे सिनेटच्या सुनावणीत निघालं की या सगळ्याला जाहिरातींचा खर्च सुमारे दोनशे डॉलर आला होता.

जानेवारी २०१७ च्या गुप्तचर अहवालात पुतिन यांचे हेतू दिले आहेत: अमेरिकी लोकशाहीवरचा लोकांचा विश्वास खिळखिळा करणं, हिलरी क्लिंटन यांची बदनामी, आणि त्यांची निवडून येण्याची शक्यता कमी करणं. यात सूडही होता. डिसेंबर २०११ मध्ये रशियातल्या निवडणुकीत घोटाळा झाला म्हणून मॉस्कोत मोठी निदर्शनं झाली, तेव्हा परराष्ट्रमंत्री असलेल्या क्लिंटन यांनी 'इशारा' दिला म्हणून हे घडलं असं पुतिन जाहीरपणे म्हणाले होते.

चिलीत कोण निवडून येऊ नये हे ठरलेलं होतं. इथे दोन्ही बाजूंना पेटवलं. शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे संशयाने बघावं, एवढं झालं तरी काम झालं. त्या वर्षीच्या गणपतीत आमच्याच मंडळात दोन तट पडले होते, भारतातल्या नाही, इथल्या निवडणुकीवरून. ते सगळं बाहेरून आलं असं मी म्हणत नाही. पण त्या रस्त्यावरून आजही गाडी जाते तेव्हा मला ते दोन जमाव आठवतात.

---

दर्यावर्दी

सुहासिनीताई, फरक तुम्ही नेमका दाखवलात. तरी एक धागा समान आहे. २०११ च्या निदर्शनांनी पुतिन हादरले ते का? उदाहरणामुळेच. मॉस्कोत लोक रस्त्यावर उतरू शकतात हे दिसलं. त्यामुळे 'लोकशाही म्हणजे तिकडेही सगळं सडकंच' हे स्वतःच्या जनतेला दाखवणं त्यांना गरजेचं होतं. किसिंजर यांना चिलीचा प्रयोग यशस्वी व्हायला नको होता, पुतिन यांना अमेरिकेचा.

---

निशिगंध

मग एक विचारू का? १९८८ मध्ये पिनोशेंनी 'मी राहू की नको' असं सार्वमत घेतलं. तेव्हा 'नको' म्हणणाऱ्यांना अमेरिकेतून मदत मिळाली होती असं वाचलंय. तीही ढवळाढवळच ना? की हेतू चांगला म्हणून चालतं?

---

गोदाकाठ (धागाकर्ता)

निशिगंध, या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला.

हो, मदत मिळाली होती. अमेरिकी संसदेने उघडपणे मंजूर केलेल्या पैशातून मतदार नोंदणीला, मोजणीला, प्रचाराच्या सल्ल्याला. ५ ऑक्टोबर १९८८ ला ५६ टक्के लोक 'नको' म्हणाले. मला हा निकाल आवडतो म्हणून मी मदतीला सूट देणार नाही. पण फरक दिसतो. १९८८ ची मदत ज्याला हवी त्याला शोधता येत होती, तिच्यावर टीका करता येत होती. आणि ती बरीचशी लोकांनी मत द्यावं, ते नीट मोजलं जावं यासाठी होती. १९७० मध्ये दिलेलं आणि मोजलेलं मत निकामी करायचं होतं. स्वतः अमेरिकेचे चिलीतले राजदूत एडवर्ड कोरी यांनाही आयेंदेंना रोखण्यासाठी सीआयए चिलीच्या सैन्यातल्या लोकांशी रचत असलेल्या कटाचा पत्ता नव्हता. जे काम आपल्याच राजदूतापासून लपवावं लागतं, त्याचा हेतू करणाऱ्यालाही माहीत असतो.

आणि तो माहीत होता हे सांगणारा कागद आहे. १४ सप्टेंबर १९७०, म्हणजे त्या बैठकीच्या आदल्या दिवशी, किसिंजर यांच्याच कार्यालयातले व्हायरन वाकी यांनी साहेबांना लिहिलं: आपण जे करायला निघालोय ते आपल्याच तत्त्वांचं उघड उल्लंघन आहे. या तत्त्वांना काही अर्थ असेल तर ती मोडायची ती केवळ अस्तित्वावर बेतलं तर. आयेंदे अमेरिकेच्या जिवावर उठलेत का? तसं म्हणणं कठीण आहे.

एका हाताखालच्या माणसाने हे कागदावर लिहून वर पाठवलं. मी सरकारी नोकर आहे, अशी टिप्पणी लिहायला काय लागतं हे मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी आदेश निघाला.

पुढचं लिहून थांबतो, कारण या माणसाचं नाव धाग्यात अजून आलं नाही आणि ते यायलाच हवं. जनरल रेने श्नायडर. चिलीचे सरसेनापती. आयेंदेंचे समर्थक नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच, की निवडणूक होईल, संसद निवडेल, सैन्य घटनेप्रमाणे वागेल. कटवाल्यांना अडसर तेवढाच होता. म्हणून त्यांना पळवायचं ठरलं. दोन प्रयत्न फसले. २२ ऑक्टोबरला पहाटे दोन वाजता सीआयएच्या माणसाने एका गटाला सबमशीनगन दिल्या. त्याच सकाळी दुसऱ्या गटाने, ज्याच्याशी सीआयएचा आधी संपर्क होता, श्नायडर यांची गाडी सांतियागोच्या रस्त्यात अडवली. काचा हातोड्यांनी फोडल्या. त्यांनी प्रतिकार केला आणि त्यांना गोळ्या लागल्या.

२४ ला संसदेत मतदान झालं तेव्हा ते इस्पितळात मृत्यूशी झुंजत होते. आयेंदे १५३, आलेसांद्री ३५. संसदेने श्नायडर म्हणत होते तेच केलं. २५ ला ते गेले.

त्यांच्या मुलांनी १० सप्टेंबर २००१ ला वॉशिंग्टनच्या न्यायालयात किसिंजर यांच्यावर दावा लावला. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कचे मनोरे पडले आणि ती बातमी कुठल्या कुठे गेली. न्यायालयाने दावा फेटाळला. खून झाला की नाही, कट कोणाचा होता, यात ते शिरलंच नाही. परराष्ट्र धोरणाचे असे निर्णय राजकीय असतात, ते तपासणं न्यायालयाचं काम नाही, असं म्हटलं. २००५ मध्ये वरच्या न्यायालयाने तेच कायम केलं.

---

तांबट

कालामात मी ज्यांच्याबरोबर जेवायचो त्या कामगाराच्या घरी भिंतीवर दोन फोटो होते. एक आयेंदेंचा. दुसरा गणवेशातला माणूस कोण हे मी कधी विचारलं नाही, मला वाटलं घरातलं कोणी असेल. आज तुमचं वाचून नेटवर श्नायडर यांचा फोटो बघितला. तोच.